तोफेचा धूर आणि तोफेचा आवाज

१९५१ च्या मार्च महिन्यात पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्ली येथे भरल्या. इंडिया गेटच्या पूर्वेस असलेल्या, आज मेजर ध्यानचंद यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नॅशनल स्टेडियममध्ये भारताच्या लेव्ही पिंटो यांनी १०० मीटर धावण्याची शर्यत १०.८ सेकंदांत जिंकली. २०० मीटरचे सुवर्णपदकही त्यांनाच मिळाले. त्या काळी शर्यतीची वेळ हातातील घड्याळाने मोजली जाई. शर्यत सुरू करणारा पंच पिस्तुलाचा बार काढी आणि समाप्तिरेषेपाशी बसलेले वेळमापक आपापल्या घड्याळांच्या कळा दाबीत. ही कळ नेमकी केव्हा दाबावयाची याविषयी वेळमापकांसाठी एक सक्त नियम आहे. पिस्तुलाचा आवाज कानी येण्याची वाट पाहावयाची नाही. त्यातून निघणारी ज्वाला किंवा धूर दिसताच कळ दाबावयाची.

नियम क्षुल्लक वाटतो. परंतु थोडासा हिशेब केला म्हणजे त्याचे मोल कळते. दिल्लीतील मार्च महिन्याच्या दुपारी हवेचे तापमान २७ अंश सेल्सिअस धरले, तर अशा हवेत ध्वनी दर सेकंदाला सुमारे ३४७ मीटर जातो. १०० मीटर अंतर तोडण्यास त्याला १०० भागिले ३४७, म्हणजे सुमारे ०.२९ सेकंद लागतील. आवाजावर विसंबणाऱ्या वेळमापकाचे घड्याळ तितके उशिरा सुरू झाले असते, आणि १०.८ ऐवजी १०.५ सेकंद अशी नोंद झाली असती. पुढच्याच वर्षी हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक १०.४ सेकंदांच्या वेळेला मिळाले हे ध्यानात घेतले, म्हणजे हे ०.२९ सेकंद किती मोठे आहेत हे वेगळे सांगावयास नको. कानावर भरवसा ठेवणाऱ्या पंचाने आशियाच्या विजेत्याला जगाच्या विजेत्याच्या जवळजवळ पंक्तीला नेऊन बसविले असते, तेही फुकटात.

१९८४ साली लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा यांचे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील कांस्यपदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. एवढ्या अवधीत ध्वनी जेमतेम साडेतीन मीटर जातो. ४०० मीटरच्या शर्यतीत सर्वांत आतल्या आणि सर्वांत बाहेरच्या मार्गिकेतील धावपटू आरंभी एकमेकांपासून पन्नास मीटरांच्या आसपास दूर उभे असतात. पिस्तूल एका टोकाशी वाजले, तर दुसऱ्या टोकाच्या धावपटूला ते सुमारे ०.१५ सेकंद उशिरा ऐकू येईल. म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धावपटूच्या मागे एक स्वतंत्र ध्वनिक्षेपक ठेवलेला असतो. तारेतून जाणारा विद्युत्‌संदेश सर्वांपर्यंत जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतो, आणि शेवटच्या एक-दोन मीटरांचेच काम तेवढे ध्वनीकडे उरते.

ध्वनीला एखादे अंतर कापण्यास किती वेळ लागेल, हा प्रश्न अंकगणिताच्या दृष्टीने अगदी सोपा आहे. अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो. वेळेला वेगाने गुणले की अंतर मिळते. मात्र या भागाकारात जो वेग घालावयाचा तो कोणता, आणि जो वेळ मोजला तो नेमका कशापासून कशापर्यंतचा, या दोन गोष्टींत सारी मेख आहे. शाळेत ३३२ हा एक आकडा पाठ केलेला असतो. पण तो शून्य अंश तापमानाच्या कोरड्या हवेचा आहे, ही अट बहुधा विसरली जाते. आणि दिल्लीच्या हवेला ती अट क्वचितच लागू पडते.

येथे एक सरळ उदाहरण घेऊ. रायसीना टेकडीवरील राष्ट्रपती भवनापासून इंडिया गेटपर्यंतचे अंतर सरळ रेषेत सुमारे तीन किलोमीटर आहे. (मधल्या राजमार्गाला प्रथम किंग्जवे, नंतर राजपथ आणि सप्टेंबर २०२२ पासून कर्तव्यपथ म्हणतात, नावे बदलली तरी अंतर तेच आहे.) समजा, एका टोकाला तोफेचा बार उडाला आणि दुसऱ्या टोकाला आपण घड्याळ घेऊन उभे आहोत. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, तेव्हा तोफेची ज्वाला आपल्याला एका सेकंदाच्या एक लक्षांश भागात दिसेल. व्यवहारात हा वेळ शून्य मानण्यास हरकत नाही. ज्वाला दिसताच घड्याळ सुरू करावयाचे आणि आवाज येताच थांबवावयाचे.

घड्याळ काय दाखवील? ते महिना कोणता यावर अवलंबून आहे. हवेतील ध्वनीचा वेग काढण्यासाठी एक सोपा नियम पुरेसा आहे: शून्य अंशाला ३३१ मीटर धरावेत आणि तापमानाच्या प्रत्येक अंशामागे त्यात ०.६ मीटर मिळवावेत. जानेवारीतील पहाटे दिल्लीचे तापमान ५ अंशांवर उतरते. तेव्हा वेग ३३४ मीटर असतो आणि तीन किलोमीटरला ८.९८ सेकंद लागतात. मे-जूनच्या दुपारी लू वाहत असताना पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा वेग ३५८ मीटर होतो आणि तेच अंतर ८.३८ सेकंदांत कापले जाते. फरक ०.६ सेकंदाचा आहे. साध्या घड्याळाने आणि सावध बोटाने तो सहज टिपता येतो. उलट बाजूने पाहिले, तर हिवाळ्याचा वेग पाठ करून बसलेल्या माणसाने उन्हाळ्यात अंतर मोजावयाचे ठरविले, तर ८.३८ ला ३३४ ने गुणून तो इंडिया गेट २,८०० मीटरांवर असल्याचे सांगेल. दोनशे मीटर रस्ता उन्हात विरून जाईल!

तापमानाचा हा परिणाम प्रत्यक्ष मोजून पाहण्याचे फार मोठे काम आपल्याच देशात, मद्रास येथे झाले आहे; सर्वसामान्य वाचकाला ते फारसे ठाऊक नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. जॉन गोल्डिंगहॅम हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ होते. वेधशाळेपासून सुमारे सव्वाचार किलोमीटरवर फोर्ट सेंट जॉर्ज हा किल्ला आणि दुसऱ्या दिशेला सुमारे नऊ किलोमीटरवर सेंट टॉमस माउंट ही टेकडी. दोन्ही ठिकाणी तोफा उडत असत. वेधशाळेतून तोफेची ज्वाला दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ सूक्ष्म घड्याळांनी मोजावयाचा, अशी पद्धत गोल्डिंगहॅम यांनी १८२० आणि १८२१ या वर्षांत चालविली. प्रत्येक नोंदीबरोबर तापमान, हवेचा दाब, आर्द्रता आणि वाऱ्याची दिशाही लिहून ठेवली जाई. १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एखाद-दुसऱ्या निवडक रात्री प्रयोग करून एक नेमका आकडा जाहीर करण्याचा मोह त्यांनी टाळला. महिन्यामागून महिने रोजची हवा टिपत राहिल्यामुळे ध्वनीचा वेग ऋतूबरोबर बदलतो हे त्यांच्या कोष्टकांतून आपोआप उघड झाले.

जवळजवळ त्याच सुमारास, जून १८२२ मध्ये, पॅरिसजवळ फ्रेंच शास्त्रज्ञांनी असाच प्रयोग केला. त्यांत आरागो, गे-ल्युसॅक आणि हुम्बोल्ट यांच्यासारखी मंडळी होती. व्हिलझ्युइफ आणि मोंलेरी या दोन स्थानांमधील अंतर १८.६ किलोमीटर होते आणि आवाजाला सरासरी ५४.६ सेकंद लागले. म्हणजे वेग ३४१ मीटर निघाला. त्या रात्रीचे तापमान १६ अंशांच्या जवळपास होते. आपल्या सोप्या नियमाने ३३१ अधिक ९.६, म्हणजे ३४०.६ येतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या घड्याळांना हे भूषणास्पद आहे. या प्रयोगातील एक युक्ती विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तोफा दोन्ही टोकांना ठेवल्या होत्या आणि त्या आळीपाळीने उडविल्या जात. वारा एका टोकाकडून दुसऱ्याकडे वाहत असेल तर तो जाणाऱ्या आवाजाला पुढे रेटतो आणि येणाऱ्याला मागे ओढतो. दोन्ही बाजूंची सरासरी घेतली की वाऱ्याचे देणे-घेणे बहुतांशी फिटते. एका बाजूनेच मोजणाऱ्याला हा लाभ नाही. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा, म्हणजे सेकंदाला १० मीटर, हा ध्वनीच्या वेगात तितकीच भर किंवा घट करतो. तापमान १६-१७ अंशांनी बदलावे इतका हा परिणाम आहे. दिल्लीच्या धुळीच्या आंधीत मोजमाप करू पाहणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावे. आर्द्रतेचा परिणाम मात्र अल्प आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असल्यामुळे दमट हवेत ध्वनी किंचित वेगाने जातो. पावसाळ्यातही ही वाढ सेकंदाला एक-दोन मीटरांपलीकडे जात नाही.

मोजण्याची गोष्ट झाली. पण वेग मुळात इतकाच का, हे सांगण्याचा प्रयत्न न्यूटनने केला आणि त्याचे उत्तर चुकले. विज्ञानाच्या इतिहासात बरोबर उत्तरांइतक्याच काही चुकाही बोधप्रद ठरल्या आहेत. ही त्यांपैकी एक. १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’त त्याने असा विचार मांडला की ध्वनी म्हणजे हवेचे क्रमाने दाबले जाणे आणि मोकळे होणे, तेव्हा त्याचा वेग हवेच्या दाबावर आणि घनतेवर अवलंबून असला पाहिजे. आजचे आकडे घालून हा हिशेब केला तर शून्य अंशाला सेकंदाला २८० मीटर येतात. प्रत्यक्षात ३३१ मिळतात. ही तफावत न्यूटनला ठाऊक होती. केंब्रिजमधील ट्रिनिटी महाविद्यालयाच्या ओवरीत त्याने प्रतिध्वनीवरून वेगाचा अंदाज घेतला होता, आणि विल्यम डेरहॅम नावाच्या धर्मोपदेशकाने चर्चच्या मनोऱ्यावरून दूरच्या तोफा पाहून केलेली मोजणी १७०८ च्या सुमारास उपलब्ध झाली होती. पुढील आवृत्तीत न्यूटनने हवेतील घन कण आणि वाफ यांच्याविषयी काही गृहीते घालून तफावत भरून काढली. ही डागडुजी त्याच्यासारख्याला शोभली नाही, असेच म्हणावे लागते.

खरे कारण सांगण्यास लाप्लास यावा लागला. तोवर १८१६ साल उजाडले. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा खालचा भाग तापतो, हे आपण अनुभवले आहे. हवा झपाट्याने दाबली की ती तापते, आणि तापलेली हवा अधिक जोराने प्रतिकार करते. ध्वनीच्या लहरीत हवा दाबली जाते ती इतक्या वेगाने, की निर्माण झालेली उष्णता आजूबाजूला पसरण्यास सवडच मिळत नाही. न्यूटनने मात्र हवेचे तापमान स्थिर राहते असे गृहीत धरले होते. लाप्लासची दुरुस्ती म्हणजे न्यूटनच्या उत्तराला १.४ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.१८३ ने गुणणे. २८० ला १.१८३ ने गुणून पाहावे: ३३१ येतात.

आता पुन्हा दिल्लीला येऊ. प्रजासत्ताकदिनी ध्वजारोहणाच्या वेळी राष्ट्रगीत वाजते आणि त्याच वेळी एकवीस तोफांची सलामी दिली जाते. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. पहिला बार आरंभी आणि शेवटचा अखेरीस, अशी ही जुळणी असते. २०२२ पर्यंत या सलामीसाठी ब्रिटिश बनावटीच्या २५ पौंडी तोफा वापरल्या जात. २०२३ पासून त्यांची जागा भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटर तोफांनी घेतली. आपल्याला येथे तोफांपेक्षा त्यांच्यामधील अवकाशाशी कर्तव्य आहे. बार एकवीस, पण त्यांच्यामधील अंतरे वीस. तेव्हा ५२ ला २० ने भागावयाचे, २१ ने नव्हे. उत्तर २.६ सेकंद. तापमान १० अंश धरले तर वेग ३३७ मीटर, आणि २.६ सेकंदांत ध्वनी सुमारे ८७६ मीटर जातो.

याचा अर्थ असा, की तोफांपासून ८७६ मीटरांवर उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या बाराचा आवाज येईल तो नेमका दुसऱ्या बाराची ज्वाला दिसत असताना. त्याला वाटेल की ज्वाला आणि आवाज यांचा मेळ अगदी अचूक आहे! प्रत्यक्षात तो एका बाराने मागे आहे, आणि हे त्याला कळेल ते केवळ अखेरीस, जेव्हा ज्वाला न दिसताच एक जादा आवाज येईल. ठरावीक अंतराने येणाऱ्या आवाजांवरून अंतर मोजताना हा धोका नेहमीच असतो. घड्याळाने मोजलेला वेळ बरोबर असूनही तो कोणत्या बाराचा, हे ठाऊक नसेल तर उत्तर ८७६ मीटरांच्या पटीत चुकते. म्हणून पहिला बार किंवा शेवटचा बार धरावा. मधला धरू नये.

तीन किलोमीटरवरील श्रोत्याची स्थिती अधिकच मौजेची होईल. त्याला पहिला आवाज ८.९ सेकंदांनी येईल. तोवर चार बार उडून गेलेले असतील. त्याच्या शेजारच्या ध्वनिक्षेपकातून राष्ट्रगीत वेळेवर सुरू होईल आणि वेळेवर संपेल. तोफांचा आवाज मात्र ते संपल्यानंतरही चार वेळा येत राहील. यात तोफखान्याचा तिळमात्र दोष नाही. दोन घटना एकाच क्षणी घडल्या असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्या कोठून पाहिल्या किंवा ऐकल्या हे सांगणे आवश्यक असते.

रेडिओचा या संदर्भात नेहमी दाखला दिला जातो. दिल्लीच्या तोफेजवळ ठेवलेल्या मायक्रोफोनमधून निघालेली लहर ११५० किलोमीटरवरील मुंबईला एका सेकंदाच्या सुमारे अडीचशेव्या भागात पोहोचते. तोफेपासून दीड किलोमीटरवर उभ्या असलेल्या दिल्लीकराला आवाज साडेचार सेकंदांनी येतो. तेव्हा गिरगावात रेडिओला कान लावून बसलेला माणूस दिल्लीकराच्या आधी बार ऐकतो. जुन्या मध्यम लहरींच्या थेट प्रक्षेपणाला हे पूर्णपणे लागू होते. आजच्या उपग्रहीय आणि अंकीय प्रक्षेपणात संदेशाच्या संस्करणातच काही सेकंद जातात, त्यामुळे मुंबईकराची ही आघाडी उरलेली नाही.

मराठी वाचकाला तोफेचा आवाज म्हटला की दुसरेच काही आठवते. म्हणून एक उदाहरण अनुवादकाने पदरचे जोडले आहे. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी शत्रूला थोपवून धरले, आणि शिवाजीमहाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचल्याची खूण म्हणून गडावरून तोफांचे बार व्हावयाचे होते, असे परंपरा सांगते. खिंडीपासून गड सरळ रेषेत दहा किलोमीटर धरू. सह्याद्रीतील आषाढाच्या हवेचे तापमान २२ अंश मानले तर ध्वनीचा वेग ३४४ मीटर, आणि दहा हजार भागिले ३४४ म्हणजे २९ सेकंद. महाराज गडावर पोहोचले, तोफेला बत्ती दिली गेली, आणि त्यानंतरही जवळजवळ अर्धा मिनिट ती वार्ता दऱ्यांवरून चालतच होती. पावसाळी धुक्यात ज्वाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. खिंडीतल्या लढवय्यांच्या दृष्टीने त्या अर्ध्या मिनिटात गड अजून दूरच होता.

रणांगणावर हाच हिशेब विसाव्या शतकात निराळ्या हेतूने केला गेला. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या तोफा टेकड्यांआड दडलेल्या असत. ज्वाला दिसत नसे, फक्त आवाज येई. म्हणजे घड्याळ केव्हा सुरू करावयाचे हेच ठाऊक नाही. १९१५ मध्ये लॉरेन्स ब्रॅग या तरुण पदार्थवैज्ञानिकाकडे ब्रिटिश सैन्याने हे काम सोपविले. त्यातील मर्म असे, की आरंभाची वेळ माहीत नसली तरी चालते. एकच आवाज निरनिराळ्या ठिकाणी किती फरकाने पोहोचला एवढे कळले की पुरे. समजा, एका मायक्रोफोनवर तो दुसऱ्यापेक्षा दोन सेकंद आधी आला आणि हवा १० अंशांची आहे. तर तोफ दुसऱ्यापेक्षा पहिल्याला ६७४ मीटरांनी जवळ आहे. नकाशावर ही अट पुरी करणारे सर्व बिंदू एका वक्ररेषेवर येतात. मायक्रोफोनांच्या आणखी एका जोडीने दुसरी वक्ररेषा मिळते, आणि दोन्ही जेथे छेदतात तेथे तोफ. तापमान आणि वारा यांच्या दुरुस्त्या येथेही कराव्या लागत. त्या चुकल्या तर आपले गोळे मोकळ्या शेतात पडत. त्याच वर्षी ब्रॅगला वडिलांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ गॅलिपोली येथील लढाईत मृत्यू पावला.

ज्वाला दिसत नसताना वेळ मोजण्याचा एक घरगुती प्रकार म्हणजे विहिरीत दगड टाकून खोली काढणे. दगड सोडल्यापासून ‘डुबुक’ असा आवाज येईपर्यंतचा वेळ मोजतात. पण या वेळेत दगड खाली जाण्याचा आणि आवाज वर येण्याचा असे दोन भाग मिसळलेले असतात. पाणी ३० मीटर खोल असेल तर दगडाला २.४७ सेकंद आणि आवाजाला ०.०९ सेकंद लागतात, एकूण २.५६. सारा वेळ दगडाचाच मानला तर खोली ३२ मीटर निघते. दोन मीटर दोर अधिक आणावा लागेल, एवढेच नुकसान. (मेहरौली किंवा हेली रोडवरील प्राचीन बावड्यांत मात्र हा प्रयोग करू नये, ती संरक्षित स्मारके आहेत, आणि रखवालदाराला भौतिकशास्त्रात रस असेलच असे नाही.)

दिल्लीच्या रहिवाशाला हिवाळ्यात आणखी एक अनुभव येतो. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्याच्या रात्री, एरवी कधी ऐकू न येणारी दूरच्या आगगाडीची शिटी स्पष्ट ऐकू येते. थंडीत आवाज लवकर पोहोचतो, असे याचे स्पष्टीकरण पुष्कळजण देतात. ते चूक आहे. थंडीत तो उशिरा पोहोचतो हे आपण वर पाहिलेच. अशा रात्री जमिनीलगतची हवा अतिशय गार आणि तिच्यावरची हवा अधिक उबदार असते. वरच्या थरात ध्वनी जलद जातो, खालच्या थरात सावकाश. त्यामुळे वर निघालेली लहर वाकून पुन्हा जमिनीकडे वळते. दिवसा जो आवाज आकाशात निघून जातो, तो रात्री जमिनीलगत कोंडला जातो. शिटी लवकर येत नाही, दूरवर येते. अंतराचा हिशेब करणाऱ्यासाठी यात एक सूचना आहे. लहरीच्या वाटेवरील तापमान सर्वत्र सारखे नसते, आणि आपल्या खिडकीतील तापमापक फक्त आपल्या खिडकीचे तापमान सांगतो.

या साऱ्या हिशेबांपैकी ज्याच्यावर प्रत्यक्ष जीव अवलंबून असू शकतो तो विजेचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत भारतात वीज पडून प्रत्येकी अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पावसात उघड्या शेतावर असणाऱ्यांना हा धोका विशेष असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली ‘दामिनी’ ही मोबाइल सेवा आता विजेची पूर्वसूचना देते. पण हातात काहीच नसताना मनातल्या मनात आकडे मोजणे प्रत्येकाला शक्य आहे. पावसाळी हवेत ध्वनीला एक किलोमीटर जाण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागावे. येणारे उत्तर किलोमीटरमध्ये असते. ही मोजणी तीसच्या आत आली, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत असली, तर उघड्यावर थांबू नये. तीस हा आकडा फार सावधगिरीचा वाटेल. परंतु आपण मोजतो ती होऊन गेलेल्या विजेची जागा. पुढची वीज तेथून आठ-दहा किलोमीटरवर, म्हणजे आपल्या डोक्यावरही, पडू शकते. पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे. झाडाखाली मुळीच नाही. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. वीज पंधरा-वीस किलोमीटरपेक्षा दूर असेल तर तिचा गडगडाट सहसा पोहोचतच नाही; केवळ क्षितिज उजळते.

गडगडाट लांबत का जातो, याचे उत्तरही याच भागाकारात आहे. वीज क्षणात चमकून जाते. तेव्हा तिचा आवाजही क्षणात संपावयास हवा. पण विजेची वाट काही किलोमीटर लांब आणि वाकडीतिकडी असते. तिच्या सर्व भागांतून आवाज एकदमच निघतो. आपल्यापर्यंत मात्र जवळच्या टोकाचा आधी आणि दूरच्या टोकाचा नंतर पोहोचतो. वीज चमकल्यावर सहा सेकंदांनी पहिला कडकडाट झाला आणि पुढे नऊ सेकंद गडगडाट चालू राहिला, असे समजू. मधल्या प्रतिध्वनींचा भाग सोडून दिला तर तिचे जवळचे टोक दोन किलोमीटरवर आणि दूरचे पाच किलोमीटरवर होते. म्हणजे आपण आकाशात पाहिली ती रेघ निदान तीन किलोमीटर लांबीची होती.